लंघन, उपवास आणि पथ्य : अपस्माराच्या एका उपचाराचा इतिहास

अन्न आवरते घेण्यासाठी मराठीत तीन वेगवेगळे शब्द आहेत. देवासाठी करायचा तो उपवास, दुखण्यासाठी करायचे ते लंघन आणि औषधाबरोबर पाळायचे ते पथ्य. बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो, पण तिन्हींचे हेतू भिन्न आहेत. उपवासात संकल्प महत्त्वाचा असतो, लंघनात पोट रिकामे राहणे महत्त्वाचे असते, आणि पथ्यात काय खायचे व किती खायचे हे महत्त्वाचे असते. अपस्मार या आजारावर अन्न आवरून केलेल्या उपचारांचा इतिहास पाहू लागलो, की हे तीन शब्द वेगळे ठेवण्याची गरज किती खरी आहे हे ध्यानात येते. हजारो वर्षे माणसे या आजारात उपवास आणि लंघन करीत आली. त्यांतून पथ्य तयार व्हायला मात्र १९२१ साल उजाडावे लागले.

कृष्णाकाठच्या सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रात, हा आजार फिट, फेफरे, आकडी, मिरगी अशा नावांनी ओळखला जातो. झटका आला की कांदा फोडून नाकाशी धरायचा, चप्पल हुंगवायची, हातात किल्ल्यांचा जुडगा द्यायचा, हे प्रकार सर्वांना ठाऊक आहेत. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो, आणि त्याचे श्रेय त्या क्षणी नाकाशी असलेल्या वस्तूला मिळते. या आजाराविषयीच्या पुष्कळ समजुतींचे मूळ एवढ्या साध्या योगायोगात आहे.

उपवासाचा संबंधही असाच जुना आहे. घरातल्या मुलाला झटके येऊ लागले की पहिला उपवास धरते ती बहुधा त्याची आई. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, ज्या घराचे जे दैवत त्याप्रमाणे. मूल जेवत असते, आई उपाशी असते. या उपवासामागे शरीराविषयीचा कोणताही सिद्धांत नाही. आपल्या वाट्याचे काही सोडून दिले तर लेकराच्या वाट्याचे दुःख कमी होईल, ही त्यामागची भावना आहे. तिची थट्टा करणे सोपे आहे, पण तिला उपचार म्हणता येणार नाही.

आता ग्रंथांकडे वळू. 'अपस्मार' या संस्कृत शब्दाचा अर्थच स्मृती निघून जाणे असा. चरकसंहितेत निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात या रोगावर स्वतंत्र अध्याय आहेत. वातज, पित्तज, कफज आणि तिन्ही दोषांचा मिळून सान्निपातिक, असे त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. झटके पंधरा दिवसांनी, बारा दिवसांनी किंवा महिन्याने येतात, अशी नोंद आहे. अशा रोग्याला पाणी, अग्नी, झाडे, डोंगर आणि अवघड जागा यांपासून सांभाळावे, असाही इशारा आहे. झटके येणाऱ्या माणसाला विहिरीवर एकटे पाठवू नका, चुलीजवळ एकटे ठेवू नका, हे आजचा डॉक्टरही सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोणा वैद्याने भाजलेले आणि बुडालेले रोगी डोळ्यांनी पाहिले असले पाहिजेत.

उपचार दोन पायऱ्यांचा आहे. आधी शोधन, म्हणजे वातजासाठी बस्ती, पित्तजासाठी विरेचन, कफजासाठी वमन. आणि नंतर शमन. सूत्रस्थानात चरकाने लंघनाचे जे दहा प्रकार दिले आहेत त्यांत उपवास हा केवळ एक आहे. वमन, विरेचन आणि निरूह बस्ती हीसुद्धा त्याच्या लेखी लंघनेच. म्हणजे व्यापक अर्थाने अपस्माराची चिकित्सा लंघनापासून सुरू होते. पण ती तेथे थांबत नाही. शोधनानंतर येते ते तूप : पंचगव्य घृत, महापंचगव्य घृत, ब्राह्मी घृत. उन्माद आणि अपस्मार यांत जुन्या तुपाची थोरवी सांगितली आहे, आणि दहा वर्षे मुरलेले, उग्र वासाचे तूप ते 'पुराण' मानले आहे.

या ठिकाणी एक मोह आवरायला हवा. अपस्मारावर आज जो आहार देतात तो जवळजवळ स्निग्ध पदार्थांचाच असतो, आणि चरकाने तूप सांगितले आहे. तेव्हा आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते, असे म्हणण्याचा हा मोह. पण चरकाचे घृत हे औषधी कल्प आहे. ते मात्रेने घ्यायचे असते आणि त्याबरोबर भात वर्ज्य केलेला नाही. आधुनिक आहारात तुपाइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा आहे तो पिष्ट आणि साखर यांचा जवळजवळ संपूर्ण त्याग. हा भाग त्या ग्रंथात नाही. जे आहे तेवढेच पुरेसे आदरणीय आहे; जे नाही ते त्यात घालण्याचे कारण नाही.

ग्रीकांचे काय होते? हिपोक्रेटिसच्या नावावर असलेला 'पवित्र रोगाविषयी' हा ग्रंथ इसवी सनापूर्वी चारशेच्या सुमाराचा. त्यात अपस्माराला दैवी कोप मानून मंत्रतंत्र करणाऱ्यांवर झोड उठवली आहे. हे लोक रोग्याला बकऱ्याचे आणि डुकराचे मांस, काही मासे, पुदिना, लसूण, कांदा असे पदार्थ वर्ज्य करायला सांगत. (आपल्याकडे कांदा हुंगवतात, त्यांच्याकडे तो वर्ज्य!) ग्रंथकाराचा युक्तिवाद मोठा धारदार आहे. अमुक खाल्ल्याने रोग वाढतो आणि न खाल्ल्याने बरा होतो असे तुम्हीच म्हणता; मग रोगाचे कारण अन्न झाले, देव कसा? देवाच्या नावाने पथ्य सांगणाऱ्याला हा प्रश्न आजही विचारता येईल.

बायबलातील मार्काच्या शुभवर्तमानात झटके येणाऱ्या मुलाची कथा आहे. शिष्यांना जे भूत काढता आले नाही ते येशू काढतो, आणि असले भूत प्रार्थनेने आणि उपवासाने निघते असे सांगतो. यातील 'उपवास' हा शब्द सर्वांत जुन्या हस्तलिखितांपैकी काहींत नाही; तो मागाहून आला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शिवाय उपवास करायचा आहे तो भूत काढणाऱ्याने, मुलाने नव्हे. आपल्याकडच्या आईच्या उपवासासारखाच हा प्रकार. १८९४ साली विल्यम वानलेस या मिशनरी शल्यविशारदाने मिरजेत रुग्णालय उभारले तेव्हा हे शुभवर्तमान आणि नवे वैद्यक एकाच दारातून आत आले. मात्र त्या रुग्णालयाची कीर्ती झाली ती शस्त्रक्रियांमुळे.

कृष्णाकाठी गुरुचरित्राची परंपरा फार खोल आहे. सांगली जिल्ह्यातील औदुंबर आणि जवळची नरसोबाची वाडी या दत्तक्षेत्रांच्या ठिकाणी बाधा झाली असे मानलेल्या माणसांना आणण्याची रीत पूर्वापार आहे, आणि त्यांत अपस्माराचे रोगीही असत हे उघड आहे. पारायणाचे नियम कडक, आहार मोजका. परंतु त्याच गुरुचरित्रात एक कथा वेगळीच आहे. जेवले की पोटशूळ उठतो म्हणून अन्नाला पारखा झालेला एक ब्राह्मण जीव द्यायला निघतो. श्रीगुरू त्याला आणखी उपवास सांगत नाहीत; पोटभर जेवू घालायला सांगतात. लोक चकित होतात, आणि ब्राह्मण बरा होतो. चमत्कार बाजूला ठेवला तरी उपाशी ठेवणे म्हणजेच उपचार असे या परंपरेने सरसकट मानले नव्हते, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

यानंतरचा इतिहास विसाव्या शतकातला. १८५७ साली ब्रोमाइड आणि १९१२ साली फिनोबार्बिटोन अशी औषधे आली, पण त्यांनी थांबत नसलेले झटके पुष्कळ होते. १९११ साली पॅरिसमध्ये गेल्पा आणि मारी या दोन डॉक्टरांनी अपस्माराच्या वीस रोग्यांना लंघने घालून पाहिली आणि झटके सौम्य झाल्याची नोंद केली. अमेरिकेत ही कल्पना वेगळ्याच वाटेने आली. बर्नार मॅकफॅडन हा व्यायामप्रचारक 'फिजिकल कल्चर' नावाचे मासिक चालवी आणि सर्व रोगांवर उपवासाचा पुरस्कार करी. त्याचा एके काळचा सहायक ह्यू कॉन्क्लिन हा मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक गावी अपस्माराच्या मुलांना तीन-तीन आठवडे केवळ पाण्यावर ठेवू लागला. आतड्यांतील विष रक्तात जाऊन मेंदूला बाधते, अशी त्याची उपपत्ती होती. ती साफ चुकीची होती. झटके मात्र पुष्कळांचे थांबत होते.

कॉन्क्लिनने बरे केलेल्यांत चार्ल्स हाउलंड या न्यूयॉर्कच्या धनवान वकिलाचा मुलगा होता. या वकिलाचा भाऊ जॉन हाउलंड हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बालरोगांचा प्राध्यापक. लंघनाने मुलाच्या शरीरात नेमके काय घडते हे शोधण्यासाठी चार्ल्सने भावाला पैसे दिले, आणि जेम्स गॅम्बलने उपाशी मुलांच्या रक्तातील व लघवीतील क्षार आणि आम्ले मोजायला घेतली. इकडे न्यूयॉर्कचे डॉक्टर गेलिन यांनी १९२१ साली आपल्या रोग्यांवरील लंघनाचे निष्कर्ष वैद्यकीय परिषदेपुढे मांडले. या साऱ्या हकिकतीत मला महत्त्वाचे वाटते ते हे की एका अर्धवट वैदूची पद्धत डॉक्टरांनी तिरस्काराने फेकून दिली नाही आणि भाबडेपणाने उचललीही नाही. त्यांनी ती मोजली.

मोजल्यावर कळले ते असे. यकृतातील साखरेचा साठा सुमारे एका दिवसात संपतो. मग शरीर चरबी जाळू लागते, आणि तिच्यापासून किटोन नावाची द्रव्ये तयार होतात. ॲसिटोन हे त्यांपैकीच एक. लंघन करणाऱ्याच्या श्वासाला जो गोडसर वास येतो तो त्याचा. परंतु लंघनाचा गुण लंघन सुटले की ओसरे आणि झटके परत येत. मूल जन्मभर उपाशी ठेवता येत नाही. या अडचणीतून वाट काढली ती मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी. गुण जर किटोनांचा असेल, तर उपास घडवण्याची गरज काय? जेवणातील पिष्ट काढून त्या जागी स्निग्ध पदार्थ दिले तर शरीर खाता-पिता त्याच अवस्थेत राहील. १९२१ साली त्यांनी ही सूचना केली आणि तिला 'किटोजेनिक आहार' हे नाव दिले. त्यांचे सहकारी पीटरमन यांनी प्रमाण बसवले : शरीराच्या दर किलो वजनामागे एक ग्रॅम प्रथिने, दिवसाला दहा ते पंधरा ग्रॅम पिष्ट, बाकी सारे स्निग्ध. लंघनाचे पथ्य झाले ते या ठिकाणी.

त्याच दशकांत आपल्याकडे काय चालले होते? शरीरसंवर्धनाची लाट येथेही पोचली होती. सातारा-सांगली भागात पसरलेल्या औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आधी सँडोची व्यायामपद्धती केली आणि मग सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर प्रचार केला. १९३८ साली त्यांचे आरोग्यविषयक इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले. त्यात व्यायामाबरोबर आहारही आहे. साताऱ्यातील वैद्यक महाविद्यालयाचे तर नावच 'आर्यांग्ल', म्हणजे दोन्ही वैद्यके एकत्र शिकवण्याची आकांक्षा नावातच. निसर्गोपचाराने कुने आणि जस्ट या जर्मनांची मते उचलली. शरीरातील विजातीय द्रव्ये हेच सर्व रोगांचे मूळ आणि उपवास हे ती काढण्याचे साधन, ही उपपत्ती कॉन्क्लिनच्या उपपत्तीची सख्खी बहीण. गांधीजींनी पुण्यात दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात आणि पाचगणीला मुक्काम केले, १९४६ साली उरुळी कांचनला आश्रम स्थापला. सामग्री सगळी होती : लंघनाचे शास्त्र, तुपाची परंपरा, उपवासाची सवय, नवे वैद्यक. परंतु किती रोग्यांना दिले, किती जणांना गुण आला, किती जणांना आला नाही, आणि गुण केव्हा ओसरला, हे सलग लिहून ठेवणारी व्यवस्था नव्हती. कॉन्क्लिनपाशीही ती नव्हती. पण त्याच्या मागून गॅम्बल आला.

जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीला गांधीजींनी शेवटचा उपवास केला. लघवीत ॲसिटोन दिसू लागल्याचे डॉक्टरांनी काळजीने सांगितले, तेव्हा आपली रामावरची श्रद्धा अपुरी असल्याचे ते लक्षण असावे, अशा अर्थाचे गांधीजी बोलल्याची हकिकत प्यारेलाल यांनी नोंदवली आहे. डॉक्टरांना जे भुकेचे रसायन दिसले त्यात गांधीजींना श्रद्धेचे माप दिसले. उपवास आणि लंघन यांतील अंतर याहून स्पष्ट दाखवणारा प्रसंग मला माहीत नाही.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. १९३८ साली फेनिटॉइन हे औषध आले. गोळी घेणे सोपे, आहार पाळणे कठीण. पथ्य मागे पडले. १९९४ साली अमेरिकेतील चित्रपट दिग्दर्शक जिम अब्राहम्स यांच्या मुलाला कोणत्याही औषधाने गुण येईना, तो या आहाराने आला, आणि त्यांनी त्याच्या प्रसारासाठी संस्था काढली. २००८ साली लंडनमध्ये १४५ मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी आहारावरील मुलांपैकी ३८ टक्क्यांचे झटके निम्म्याहून कमी झाले होते. नुसत्या औषधांवर राहिलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. मुंबईत डॉ. जनक नाथन यांनी भारतीय पदार्थांतून हा आहार बसवला आणि शंभराहून अधिक मुलांवरील अनुभव २००९ साली प्रसिद्ध केला. दिल्लीच्या एम्समध्ये २०१३ साली १०२ मुलांवर या आहाराच्या थोड्या सैल प्रकाराची चाचणी झाली, आणि निष्कर्ष त्याच दिशेचे निघाले. ग्लुट-१ नावाच्या दुर्मीळ जन्मजात दोषात रक्तातील साखर मेंदूत नीट शिरतच नाही. तेथे तर हा आहार हाच पहिला उपचार आहे. इतर मुलांत झटके नेमके कशाने थांबतात, याचे एकच एक उत्तर अजून मिळालेले नाही.

आता हे पथ्य आपल्या स्वयंपाकघरात आणून पाहा. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी घेतली तर तिच्यात सुमारे पस्तीस ग्रॅम पिष्ट असते. म्हणजे पीटरमनचा अख्ख्या दिवसाचा हिशेब अर्ध्या भाकरीतच संपतो. भात नाही, पोळी नाही, ऊस आणि गूळ पिकवणाऱ्या या मुलखात गुळाचा खडाही नाही. तूप, लोणी, साय, खोबरे, तेल, अंडी, थोडे पनीर, पालेभाज्या, आणि प्रत्येक वस्तू काट्यावर तोललेली. गोड पातळ औषधातील साखरसुद्धा हिशेबात धरावी लागते. आणि आपला उपवासाचा फराळ? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. बटाटा, रताळे, वरी त्याच पंक्तीतली. अपस्मारावरील आहाराच्या दृष्टीने पाहिले तर एकादशीचे ताट हे त्याच्या नेमके उलट आहे. हा काही एकादशीचा दोष नव्हे. तिने वैद्यकाचा दावा कधी केलाच नव्हता.

म्हणूनच हे तीन शब्द वेगळे ठेवण्याचा आग्रह. हे पथ्य घरच्या घरी करण्याजोगे नाही. ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली, तपासण्या करून, बहुधा दोन औषधे निष्फळ ठरल्यावर सुरू करतात. मूतखडा, बद्धकोष्ठ, खुंटलेली वाढ असे त्याचे दुष्परिणाम असू शकतात. काही मुलांत चरबी जाळण्याची क्रियाच जन्मतः सदोष असते. त्यांच्या बाबतीत लंघन जिवावर बेतू शकते. दुसरीकडे, अपस्माराच्या दर दहांपैकी सुमारे सात रोग्यांचे झटके साध्या, नियमित औषधांनी थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उपवास आहे म्हणून सकाळची गोळी टाळली, नवरात्रात किंवा गोंधळात रात्रभर जागरण केले, की नेमके त्याच दिवशी झटके येतात. चुकलेली मात्रा आणि तुटलेली झोप ही झटक्यांची परिचित निमित्ते आहेत. मग लोक म्हणतात, अंगात आले.

या समजुतीशी झगडणारा एक डॉक्टर याच दोन जिल्ह्यांनी दिला. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, वैद्यकाचे शिक्षण मिरजेला. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे, हे त्या कायद्याने गुन्हे ठरवले आहेत. चप्पल हुंगवण्यापासून चपलेचे पाणी पाजण्यापर्यंतचे अंतर फार नाही. हिंदू विवाह कायद्यात 'अपस्माराचे वारंवार येणारे झटके' हा शब्दप्रयोग १९७६ पासून होता, आणि विवाह रद्द ठरवण्यास तो आधार देत होता. १९९९ साली तो काढून टाकण्यात आला. कायद्यातून गेला, तरी सोयरीक जुळवताना तो अजून आड येतो, आणि म्हणून मुलींचा आजार लपवला जातो, औषधेही लपूनछपून घेतली जातात आणि मग चुकतात.

आईने लेकरासाठी गुरुवार धरू नये, असे सांगण्याचा अधिकार इतिहासाला नाही. तिने तो जरूर धरावा. पण त्या दिवशीही मुलाला वेळेवर जेवण मिळावे, वेळेवर गोळी मिळावी, रात्री पुरेशी झोप मिळावी. आणि गोळ्यांनी झटके थांबतच नसतील तर किटोजेनिक आहाराविषयी डॉक्टरांना विचारावे. उपवास हा तिच्या आणि देवाच्या मधला विषय आहे. पथ्य मात्र मुलाचे आहे, आणि ते काट्यावर तोलूनच द्यावे लागते.